कुळागर, काजू आणि मातीचा रस्ता: एकच मशीन घ्यायचं तर कोणतं?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या बाजूला सहा हजार चौरस मीटर जागा आहे. खालचा अर्धा भाग कुळागर: साडेतीनशे पोफळी, मधे केळी, पोफळींवर मिरी, व्हाळाच्या कडेनं चाळीस माड. वरचा अर्धा भाग काजूचा, उताराचा आणि जांभ्याच्या धोंड्यांचा. गेटपासून घरापर्यंत २२० मीटर मातीचा रस्ता, रुंदी अडीच मीटर.

कामं चार आहेत. जुलै ते ऑक्टोबर गवत आणि रानमोडी हे झुडपी तण. पडलेली माडाची चुडतं आणि पोफळीच्या झावळ्या. नारळ, सुपारी, शेणखत यांची ने-आण. आणि रस्त्याच्या मधल्या चाळीस मीटरांत दर पावसाळ्यात वरून उतरणारा लाल गाळ. चांगला पाच सेंटिमीटर साचतो, गाडीचं चाक जागेवर फिरतं.

मजूर आठवड्याला दोनच दिवस मिळतो. बजेट सव्वा लाख. थंड देशांतले व्हिडिओ बघतो, त्यात एकाच दोनचाकी मशीनला हिवाळ्यात बर्फ फेकायचं तोंड लावतात, उन्हाळ्यात गवत कापायचा पट्टा, एरवी ट्रेलर. तसं इथं काही जमेल का? एका दुकानदारानं ७ एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर सुचवला, दुसरा म्हणतो डिझेल टिलरच घ्या. एक मशीन, चारही कामं, असं काही असेल तर सांगा.

मूळ_आणि_माती

दोन्ही दुकानदारांनी तुम्हाला माती फिरवायचं मशीन सुचवलंय, आणि तुमच्या चार कामांत माती फिरवणं कुठंच नाही.

कुळागरात तर ते करूच नका. पोफळीची बहुतेक मुळं बुंध्यापासून मीटरभराच्या आत आणि वरच्या दोन फुटांत असतात. दोन पोफळींमधलं अंतर नेहमीच्या लागवडीत २.७ मीटर. म्हणजे दोन्हीकडचा एकेक मीटर सोडला तर मधे दोन-सव्वादोन फुटांची पट्टी उरते, आणि त्यातच केळीचे कोंब, पाट आणि मिरीच्या मुळ्या. वीडरची पाती मातीत चार इंच उतरली तरी बारीक मुळं तुटणार. मुळांना जखमा आणि वर ओल, हे समीकरण पोफळीला मानवत नाही. माडाचंही तसंच: बुंध्याभोवती दोन मीटरचं आळं हे त्याचं जेवणाचं ताट.

वरच्या काजूत कारण वेगळं. उतारावरची माती भुसभुशीत करून ठेवली आणि वर सत्तरीचा पाऊस पडला की ती माती सरळ तुमच्या रस्त्यावर येणार. चौथं काम तुम्हीच वाढवून ठेवाल. शिवाय धोंडे. वीडरची पाती पुढच्या दिशेनं फिरतात, त्यामुळे पुरलेल्या जांभ्यावर आदळली की अख्खं मशीन पुढं उडी मारतं आणि हँडल हातातून सुटतं. पाती वाकतात ते वेगळंच.

तण उपटायचं नाही, कापायचं आहे. कापलेलं तिथंच पडू द्यायचं. या वाक्यात तुमचं अर्धं मशीन ठरलं.

आणखी काही सांगण्याआधी तीन मापं द्या: काजूतला उतार, कुळागरात शिरायच्या वाटेची सगळ्यात अरुंद जागा, आणि रस्त्याचा चढ.

चिखलगणित

बर्फाच्या व्हिडिओंबद्दल. ती मशीनं खोटी नाहीत, पण ती उचलतात ती वस्तू निराळी आहे.

ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. बसलेला, दाबलेला झाला तरी दोन-तीनशे. आपला ओला लाल गाळ घनमीटरला १७०० किलोच्या घरात. आता ८० सेंटिमीटर रुंदीचं ढकलपातं धरा. दहा सेंटिमीटर ताज्या बर्फातून ते एक मीटर पुढं गेलं की पुढ्यात फार तर ८ किलो जमतात. पाच सेंटिमीटर गाळातून तेच पातं एक मीटर गेलं की पुढ्यात ६८ किलो. शंभर किलोच्या दोनचाकी मशीनची चाकं ओल्या मातीवर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढासुद्धा जोर लावू शकत नाहीत. दुसऱ्या मीटरला ती जागच्या जागी फिरतात आणि खड्डा पाडतात.

बर्फ फेकायच्या तोंडात पुढं आडवा स्क्रू असतो, तो बर्फ मधे ओढतो. मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. त्या स्क्रूला मुद्दाम कच्चे बोल्ट लावलेले असतात, दगड अडकला तर बोल्ट तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. आपल्या गाळात हे तोंड घातलंत तर पहिल्या मिनिटात बोल्ट जाईल, आणि नळकांडं चिकट मातीनं असं बुजेल की खराट्याच्या दांड्यानं कोरून काढावं लागेल. रोहतांग, झोजिलाला बीआरओ (सीमा रस्ते संघटना) असली अवाढव्य यंत्रं चालवते ती बर्फासाठी. दरड आली की तिथंही डोझर आणि एक्स्कॅव्हेटरच येतात.

तुमचा हिशेब मांडू. ४० मीटर लांब, २.५ मीटर रुंद, ५ सेंटिमीटर जाड: पाच घनमीटर. वजन साडेआठ टन. घमेल्यात १८ किलो धरले तर पावणेपाचशे घमेली. नेहमीच्या पिवळ्या बॅकहो लोडरच्या पुढच्या बकेटमध्ये घनमीटरभर माती मावते, म्हणजे पाच-सहा बकेटा, तासाभराचं काम. पण तो साडेसात टनांचा आणि जवळजवळ तुमच्या रस्त्याएवढाच रुंद. रस्त्यात पाइपाची मोरी असेल तर आधी तिच्यावरची माती किती जाड आहे ते बघा, उगाच पाइप फुटायचा.

माझ्या मते गाळासाठी मशीन शोधणंच चुकतंय. गाळ येतो कारण वरचं पाणी रस्त्यालाच ओहोळ समजतं. वरच्या अंगाला, रस्त्यापासून दीड-दोन मीटर आत, फूटभर खोल आणि दीड फूट रुंद चर काढा. चर वळतो तिथं मीटर बाय मीटरचा, दोन फूट खोल गाळखड्डा. पाणी तिथं मंदावतं, माती खाली बसते, वरून निवळ पाणी पुढं जातं. खड्डा निम्मा भरला की फावड्यानं उपसायचा; पूर्ण भरेपर्यंत थांबलात तर तो नसल्यासारखाच. ती माती माडाच्या आळ्याला उत्तम.

रस्त्यावर आडवे उथळ सखल पट्टे करा, पाणी तिरकं खालच्या अंगाला जाईल असे. चढ दर शंभराला दहा असेल तर साधारण पंचवीस मीटरवर एक, पंधरा असेल तर अठरा मीटरवर. पट्टा सरळ आडवा काढू नका, तीसेक अंश तिरका हवा, नाहीतर गाळ त्यातच बसतो. रुंदीही मीटर-दीड मीटर ठेवा. अरुंद खोल चर काढला तर छोट्या गाडीचा पुढचा बंपर त्यात टेकतो. तळाला चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवा. हे सगळं मे महिन्यात, पहिल्या वळवाआधी.

रानमोडी_विरोधी

आता गवताकडे येऊ, कारण तासांच्या हिशेबात तुमचं खरं काम तेच. आपल्याकडे याला सरसकट ग्रास कटर म्हणतात. दुकानात ब्रश कटर म्हणा, नाहीतर हिरवळीचं मशीन दाखवतील.

तुमच्या जागेला ४० सीसीच्या आसपासचा दोन-स्ट्रोक, किंवा ३५ सीसीचा चार-स्ट्रोक. स्वस्तात ५२ सीसी मिळतो म्हणून भुलू नका; त्याचा थरथराट आणि वजन उतारावर तासाभरात हात मोडतं. चार-स्ट्रोकमध्ये होंडाचं जीएक्स ३५ इंजिन (३५.८ सीसी) बऱ्याच मशीनांवर असतं. तेल फक्त १०० मिली, १०डब्ल्यू-३०. पहिला बदल १० तासांनी, पुढं दर ५० तासांनी. लोक इथंच चुकतात. शंभर मिलीतलं तीस मिली उडालं तरी इंजिन कोरडं पडायला लागतं, म्हणून टाकी भरताना दर वेळी तेल बघायचं. दोन-स्ट्रोकमध्ये स्टिलचं एफएस २५० (४०.२ सीसी, ६.३ किलो) या वर्गातलं. त्याला पेट्रोलमध्येच मिसळायचं चांगलं टू-टी तेल, लिटरला २० मिली. बिननावाच्या मशीनांच्या पुस्तकात बहुधा लिटरला ४० मिली लिहिलेलं असतं. तिथं पुस्तकाचंच ऐका. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून बसतो, जास्त झालं तर सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजते आणि मशीन गरम झालं की दम टाकतं. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात, आणि दोष त्या रुपयाएवढ्या जाळीत असतो.

खांद्यावरचं की पाठीवरचं? काजूच्या उतारावर खांद्यावरचं, म्हणजे साइडपॅक, दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यासह. पाठीवरच्या मशीनचं इंजिन पाठीवर तापतं, आणि पाय घसरला तर ते पटकन उतरवता येत नाही. कुळागरात पाटाच्या काठांवर मात्र पाठीवरच्याची लवचीक नळी सोयीची, हे मान्य. एकच घ्यायचं तर साइडपॅक.

पात्यांची निवड मशीनइतकीच महत्त्वाची. गुडघाभर मऊ गवताला तीन दातांचं पातं. बोटाएवढ्या जाड रानमोडीला आणि घाणेरीला ८० दातांचं, कार्बाइड टोकांचं. पण हे पातं दगडाला लागलं की टोकं उडतात. दोन-तीन टोकं गेलेलं पातं तोल घालवतं आणि गिअरहेडचं (पात्यावरच्या गिअरच्या डब्याचं) बेअरिंग खातं. म्हणून जांभ्याच्या धोंड्यांत, आळ्याजवळ आणि घराभोवती नायलॉन दोरीचं डोकं. दोरी २.७ ते ३ मिमी. कोरडी दोरी कडक होऊन तुकडे पडतात. वापरायच्या आदल्या रात्री बादलीत भिजत घाला, फरक कळेल.

पातं वरून बघितलं तर डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोत मारायचा, कापलेलं गवत डावीकडे, आधी कापलेल्या पट्टीवर पडतं. पात्याची पुढची उजवी बाजू, घड्याळात बारा ते दोन वाजतात तेवढा भाग, धोंड्याला किंवा खुंटाला लागला की मशीन उजवीकडे झटका देतं. उतारावर आडव्या पट्ट्यांत चाला, वरून खाली नाही. पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस नको. पात्याचं नट उलट आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेनं सैल होतं. नवा मजूर पाना उलटा लावून त्यावर उभा राहतो आणि आटे घालवतो, हे त्याला आधीच दाखवून ठेवा.

कुळागरात खरी भीती दगडाची नाही, मिरीची आहे. वेलाचा जमिनीलगतचा भाग पेन्सिलीएवढा, आणि गवतात दिसत नाही. नायलॉन दोरी त्याला क्षणात कापते, आणि वर पंधरा फूट वेल दोन आठवड्यांनी पिवळा पडल्यावर कळतं. प्रत्येक पोफळीभोवती हातभर जागा आधी कोयत्यानं मोकळी करायची, मग मशीन आत न्यायचं. ठिबकाची १६ मिमीची काळी नळी असेल तर ती पावसाळ्यात गुंडाळून पोफळीला टांगून ठेवा.

वेळ: पहिली कापणी जुलैच्या शेवटी, गवत गुडघ्याला आलं आणि अजून लोळलं नाही तेव्हा. दुसरी ऑक्टोबरमध्ये, रानमोडीला फूल यायच्या आत. खाजकुयली असेल तर ऑक्टोबरच्या पुढं ढकलूच नका. शेंगा वाळल्या की पातं ती लव हवेत उडवतं आणि मजूर दुसऱ्या दिवशी येत नाही. काजूखाली जानेवारी-अखेर एक हलका हात, बी पडली की दिसली पाहिजे.

एका माणसाचा दिवसाचा आवाका, मोकळं गवत असेल तर एकराच्या आसपास. रानमोडी दाट असेल तर निम्मा.

टिलरभक्त

वरच्यांनी टिलरला फारच झटकून टाकलंय. नांगरायला नको, कबूल. पण ने-आण? नारळ, शेणखत, चिरे, रेती हे सगळं २२० मीटर डोक्यावरून न्यायचं का? १२-१३ एचपीचा डिझेल टिलर, कॅमको किंवा व्हीएसटी, रोटरी काढून मागं ट्रेलर लावला की टनभर माल नेतो. इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्यानं पंप चालतो, पोफळीच्या कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायचा एचटीपी, म्हणजे जोराच्या दाबाचा फवारणी पंपही चालतो. त्या पंपातून बोर्डो मारून झाला की लगेच दहा मिनिटं साधं पाणी खेळवायचं, मोरचूद सील आणि पितळ दोन्ही खातं.

घेतलात तर मात्र एक गोष्ट चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवा. टिलर वळवायला दोन हँडलांखाली दोन क्लच असतात. सपाटीवर किंवा चढावर डावा दाबला की डावं चाक सुटतं, उजवं ढकलतं, मशीन डावीकडे वळतं. उतारावर उलटं होतं. खाली जाताना इंजिन चाकांना धरून ठेवत असतं. डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं होऊन जास्त वेगानं धावतं, आणि मशीन उजवीकडे जातं. मागं भरलेला ट्रेलर असेल तर विचारायला वेळ मिळत नाही. उतारावर क्लचला हात लावायचा नाही, सगळ्यात खालचा गिअर आधीच टाकायचा, हँडल रेटून वळवायचं आणि वेग ट्रेलरच्या पायब्रेकवर सांभाळायचा. गिअर उतारावर बदलायला गेलात की मधल्या न्यूट्रलमध्ये सगळं वजन सुटतं.

मूळ_आणि_माती

टिलरभक्त, मुद्दा बरोबर, पण वजन बघा. रोटरीसकट चारशे किलोंच्या घरात जाणारं मशीन २२० मीटर रस्त्यासाठी? वर्षाला किती फेऱ्या होतील? चाळीस माडांचे नारळ आणि साडेतीनशे पोफळींची सुपारी म्हटलं तर काढणीचे मोजके दिवस. बाकी वेळ ते छपराखाली. आणि सव्वा लाखात नवा टिलर, वर ट्रेलर, हे अनुदानाशिवाय बसवणं कठीण.

मिनी ट्रॅक्टरचं कुणी अजून काढलं नाही, तर तेही सांगतो. २४ एचपीचे चार-चाकी-ओढीचे अरुंद ट्रॅक्टर माडांच्या ७.५ मीटर अंतरात मजेत फिरतात. तुमच्या पोफळींत नाही, पाट ओलांडताना तर नाहीच. रस्त्यावर आणायचा तर नोंदणी आणि विमा आला. तुमच्या जागेला तो मोठा.

वाळपईकर

मापं घेतली. काजूत दोन मीटरची पट्टी गवंड्याच्या पाणनळीनं सपाट धरली, खालच्या टोकाला ६० सेंटिमीटर अंतर आलं. वरच्या कोपऱ्यात ८०. कुळागरात शिरताना पाटावर चिऱ्यांची साकवासारखी फरशी आहे, रुंदी २ फूट ८ इंच. रस्त्याचा चढ मधल्या पट्ट्यात शंभराला बारा.

चुडतांसाठी श्रेडर घ्यावा का? घरी सिंगल फेज आहे. आणि अनुदानाचं कुणी सांगेल का?

झाप_आणि_झावळ

श्रेडर नको. हिशेब करा: माड वर्षाला बारा-चौदा चुडतं टाकतो. चाळीस माडांची पाचशे, म्हणजे आठवड्याला दहा. कोयत्यानं तीन तुकडे करून आळ्यात उलटी पसरली की वर्षभरात कुजतात, ओल धरतात आणि तणही दाबतात. पोफळीच्या झावळ्या मऊ, त्या तशाच पडू द्या. विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद सालपटं) तेवढ्या वेगळ्या काढा, त्यांत पाणी साचून डास होतात.

सिंगल फेजवर ३ एचपीपर्यंतची मोटर धरून चला. तेवढ्या मोटरचा श्रेडर पानं आणि केळीची बुंधं ओढतो, पण चुडताचा जाड देठ घातला की धागे दांड्याभोवती गुंडाळतात आणि मोटर गुरगुरत थांबते. तेव्हा वीज बंद करून, प्लग काढून, सुरीनं ते धागे कापायचे. पावसाळ्यात व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात हे करत बसलात तर वाइंडिंग जाईल.

कृषीकार्डवाला

अनुदान: आधी कृषी खात्याचं कृषी कार्ड हवं, त्यावर ही जमीन नोंदलेली हवी. नंतर वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन कोणतं मशीन, किती टक्के, कोणत्या योजनेतून ते विचारा. केंद्राची यांत्रिकीकरणाची उपअभियान योजना २०१४-१५ पासून आहे, राज्याची भर त्यावर असू शकते, आणि टक्केवारी तुम्ही कोणत्या गटात मोडता त्यावर बदलते. खरेदीच्या आधी जा. बिल हातात घेऊन गेलात आणि ते मॉडेल मान्य यादीत नसलं तर कुणी काही करू शकत नाही. दुकानदाराकडे चाचणी अहवाल मागा, बुदनीसारख्या सरकारी चाचणी संस्थेचा. नुसतं 'सबसिडीवालं आहे' म्हणाला तर तो अहवाल नव्हे.

दुकानात मशीन सुरू करून बघण्याआधी सुट्या भागांचं कपाट बघा. रिकॉइलचा दोर आणि स्प्रिंग, क्लचचे शू, कार्ब्युरेटरचा डायफ्राम, गिअरहेड, पाती. यांतलं आज, आत्ता, कपाटात किती आहे? 'बेळगावहून मागवून देतो' हे जुलैमध्ये पंधरा दिवसांचं उत्तर असतं.

चिखलगणित

वाळपईकर, तुमची मापं बोलकी आहेत. दोन मीटरला ६० सेंटिमीटर म्हणजे साधारण १७ अंश, ८० म्हणजे २२. वीडरवर बसतात ती २०० सीसीच्या आसपासची पेट्रोल इंजिनं तेल पंपानं फिरवत नाहीत; कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा तेल शिंपडतो. वीस अंशांपलीकडे मशीन कलंडलं की चमचा तेलाला लागत नाही. सेन्सर असेल तर इंजिन आपोआप बंद पडतं आणि लोक त्याची वायर काढून टाकतात, मग आठवड्यात रॉड बाहेर येतो. थोडक्यात, वरच्या कोपऱ्यात चाकांवरचं कुठलंच मशीन नको. ब्रश कटरची छोटी इंजिनं कशीही धरली तरी चालतात, त्यासाठीच केलेली असतात.

फरशी २ फूट ८ इंच. टिलर ट्रेलरसकट त्यावरून जाणार नाही. ने-आणीला मोठ्या हवेच्या चाकाची, दोन चाकांची हातगाडी घ्या, लोखंडी चौकटीची, बाहेरून बाहेर अडीच फुटांपेक्षा कमी रुंद. एकचाकी गाडी ओल्या फरशीवर कलते. सुपारीची दोन पोती किंवा साठ-सत्तर नारळ एका फेरीत जातात. नारळ काढणीच्या दिवशी रस्त्यापर्यंत हातगाडी, रस्त्यावरून भाड्याचा टेंपो.

शंभराला बारा चढ आहे, तर आडवे पट्टे बावीस-तेवीस मीटरवर. चाळीस मीटरांत दोन, आणि एक त्या चाळीस मीटरांच्या वर, गाळ सुरू होतो त्याच्या आधी. तो वरचाच सगळ्यात महत्त्वाचा.

रानमोडी_विरोधी

बजेट उरतंय तर दोन गोष्टी. एक, दुसरं गिअरहेड आणि चार पाती आधीच घेऊन ठेवा. गिअरहेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, तो काढून दर २०-२५ तासांनी ग्रीस भरायचं. इथं कुणी भरत नाही, आणि मग दातांची पूड बाहेर येते. दोन, जाळीचा मुखवटा, त्याखाली बंद चष्मा, कानाला मफ, गुडघ्यापर्यंतचे बूट. नुसती जाळी जांभ्याची कणी अडवत नाही.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि सत्तरीत जुलैमध्ये हवा म्हणजे पाणीच. अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. टू-टी तेल पेट्रोलबरोबर वरच राहतं. मशीन पहिली ओढ घेतं ती नेमकी तळातून, तेल नसलेली. म्हणून दोन आठवड्यांपुरतंच मिश्रण करा, स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात, वर तारीख लिहून. पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबणार असाल तर टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग प्लग काढून चमचाभर तेल आत सोडा आणि दोर हळू दोनदा ओढा.

नोव्हेंबर ते मे, जानेवारीतला तो हलका हात सोडून, मशीन ठेवून देताना सायलेन्सरचं तोंड आणि टाकीच्या झाकणाचं बारीक भोक कापडानं बांधा. कुंभारीण माशी तिथं मातीचं घर करते. जूनमध्ये मशीन दोन मिनिटं चालतं आणि बंद पडतं, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा बंद. झाकण सैल करून बघा. सैल केल्यावर नीट चाललं तर भोक बुजलंय, टाचणीनं कोरा.

वाळपईकर

सगळ्यांचे आभार. उद्या वाळपईत जाऊन कृषी कार्यालयात विचारतो, तिथून फोंड्याला कपाट बघायला. रस्त्याचे पट्टे आखताना खालच्या अंगाचं पाणी शेजाऱ्याच्या काजूत उतरतंय असं दिसतं, तेवढं काय करू?

चिखलगणित

त्याच्या हद्दीच्या चार मीटर आधी पट्ट्याच्या तोंडाशी चिऱ्याच्या फोडी टाकून दीड मीटरचा पंखा पसरा, पाणी एका धारेत न जाता फाकेल. आणि खड्डा मारण्याआधी त्याला बोलावून जागा दाखवा. पावसात एकदा दोघांनी मिळून पाणी कुठून जातं ते बघितलं तर आणखी बरं.